पोच मिळाली, ओळ गळाली

अन्याय झाला तो कमलनगरच्या विश्वनाथअण्णांवर. गेल्या साली श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, बुधवारी, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी. जागा : ग्रामपंचायतीचा हॉल, खिडकीकडचं दुसरं टेबल. साक्षीदार : तीन अधिकारी, एक शिपाई, अण्णांची बायको शांताक्का आणि मी.

अन्याय कुणी केला तेही सांगणार आहे, नाव घेऊन. पण आधी माझं काम काय ते समजून घ्या, नाहीतर तुम्ही चुकीच्या माणसावर दात-ओठ खाल. मी तेच केलं होतं. नुसतं केलं नव्हतं, छापून वाटलं होतं.

मी सुनंदा. कर्नाटकात, भालकी तालुक्यातल्या मेहकरची. आमच्या घरी आज्यापर्यंत मेंढरं होती, बापानं शेती धरली, मी कम्प्युटर धरला. बिदरला डिप्लोमा केला तेव्हा वर्गातले निम्मे पुण्याला गेले, निम्मे हैदराबादला. मी राहिले. कारण मला तोवर पत्रकांचं व्यसन लागलं होतं. मुलींच्या वसतिगृहाला पाणी नाही : पत्रक. बसचा पास बंद केला : पत्रक. चार मागण्या, खाली सह्या, कचेरीत जाऊन द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्यायचा आणि ताठ मानेनं बाहेर यायचं. ही शेवटची सवय लक्षात ठेवा. पुढं तीच नडली.

नोकरी केली ती बशीरभाईंच्या दुकानात. शहरातल्या कंपन्यांनी टाकून दिलेले कम्प्युटर भाई हैदराबादहून आणायचे आणि आम्ही त्यांना उठवून शाळांना, खेड्यांतल्या माहिती केंद्रांना द्यायचो. त्यावर लिनक्स घालायचं, कारण त्याला लायसनचे पैसे पडत नाहीत आणि त्याचं पोट उघडून बघायला कुणाची परवानगी लागत नाही. ते पोट उघडणं, हेच माझं काम.

कम्प्युटरच्या तळाशी एक मूळ प्रोग्राम असतो. त्याला गाभा म्हणू. गाभ्याला स्वतःहून काहीच कळत नाही. प्रिंटर, माऊस, आवाजाची डबी, प्रत्येकाशी बोलायला त्याला वेगळा दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपल्याकडं हे समजवायला कष्ट पडत नाहीत. कचेरी कन्नडात बोलते, मेकॅनिक उर्दूत, आपण मराठीत. मध्ये कुणीतरी दोन्हीकडचं येणारा लागतोच. तर गाभा नव्यानं घडवताना एक भलीमोठी यादी पुढं येते. हजारो दुभाषे. एकेकासमोर लिहायचं : हा आत बसव, हा दाराशी थांबव आणि लागला तर बोलव, हा नको.

हुलसूरच्या एका शाळेचा किस्सा सांगते. हेडमास्तरांचा फोन, "बाई, कम्प्युटर चालू होतो आणि मध्येच बेशुद्ध पडतो. नारळ पण फोडला." जाऊन बघितलं, तर डिस्कशी बोलणारा दुभाष्या कुणीतरी आत बसवण्याऐवजी दाराशी थांबवला होता. आणि ते दार होतं त्याच डिस्कवर. किल्ली घरात, कुलूप बाहेरून. हेडमास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे आमच्या स्टोअररूमसारखंच की." पाच तास लागले नवा गाभा घडवायला. दोनदा लाईट गेली, दोनदा पहिल्यापासून.

पण खरी मेख ही नाही. खरी मेख अवलंबून असण्यात आहे. यादीतला प्रत्येक दुभाष्या कुणा ना कुणावर अवलंबून असतो. लग्नाचं आमंत्रण आठवा. थोरल्याला मान दिला नाही, तर त्याच्यामागचं अख्खं घर येत नाही. आणि ‘येणार नाही’ असं कळवतही नाही. तुम्ही आपले पाट मांडून बसता. गाभ्याच्या यादीत तसंच. वरचं एक नाव खोडलं की त्याच्या खालची सगळी गळतात, मुकाट्यानं. चूक म्हणून लाल अक्षरं येत नाहीत, काही नाही. गाभा व्यवस्थित घडतो, मशीन व्यवस्थित चालू होतं, आणि जो माणूस त्या गळालेल्या नावाच्या भरवशावर असतो त्याला ते कळतं. तेही काम अडल्यावर.

या भीतीनं मी आठ वर्षं नखं खाल्ली. माझी बोटं बघून आई म्हणायची, "कामून अशी करायलीस? शेतात राबणाऱ्या बाईची बरी म्हणावं."

आता विश्वनाथअण्णा.

कमलनगरच्या बसस्टँडजवळ अण्णांचा टेलिफोनचा बूथ होता. अण्णांना जन्मापासून दिसत नाही. पुण्या-मुंबईला, हैदराबादला कामाला गेलेल्यांना फोन लावायला अख्खी पंचक्रोशी त्यांच्याकडं यायची. नंबर त्यांच्या बोटांत पाठ. "अण्णा, भोसरीच्या आमच्या पोराला लावा," एवढंच म्हणायचं. मग मोबाईल आले. ज्या लोकांचे नंबर अण्णांना पाठ होते, ते बूथसमोरून मोबाईलवर बोलत जायला लागले. अण्णा म्हणायचे, "आवाजावरनं वळकतो की मी सगळ्यास्नी. मीच कुणाला दिसंना झालोय."

ते आमच्या दुकानात आले ते असं विचारत, "बोलणारा कम्प्युटर असतोय म्हणं. हाय का तुमच्याकडं?"

होता. म्हणजे करता येत होता. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. हिंदी बरं बोलायचा, कन्नड अडखळत, मराठी हिंदीच्या तोंडानं. अण्णा खूष. "परदेशी जावई बोलायलाय जणू," म्हणाले. त्यांच्या जुन्या मशीनचा स्वतःचा आवाज मेलेला होता, म्हणून बाहेरून एक अंगठ्याएवढी आवाजाची डबी खोचली. त्या डबीचा दुभाष्या वेगळा. यादीतली ती एक ओळ म्हणजे अण्णांचे डोळे.

वर्षभरात अण्णा तयार झाले. अर्ज लिहायचे, छापायचे, डिस्कसुद्धा हातानं चाचपून स्वतः बदलायचे. आणि मग कमलनगरचं माहिती केंद्र चालवायला द्यायचं निघालं. अण्णांनी अर्ज टाकला. बूथ बंद झाला होता, मुलगा हैदराबादला ये म्हणून मागं लागला होता, आणि अण्णांना जायचं नव्हतं. इथल्या प्रत्येक आवाजाला ते नावानिशी ओळखत होते. तिथं कुणाला ओळखणार? केंद्र मिळालं तर राहायचं, नाही मिळालं तर जायचं. इतकी साधी गोष्ट होती. समितीनं कळवलं : ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, तुमच्याच मशीनवर एक अर्ज भरून, छापून दाखवा. दहा मिनिटं. मदत कुणाची नको.

याच सुमारास सगळ्या केंद्रांसाठी मी नवा, हलका गाभा घडवत होते. मशीन जुनी, जेवढा बोजा कमी तेवढं बरं. आणि त्या आठवड्यात मी भडकलेली होते. दोन केंद्रांवर माणसं रांगेत उभी आणि ऑपरेटर पिक्चर बघतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जनतेच्या मशीनवर करमणूक! मी सामायिक यादी उघडली आणि वरचं ‘आवाज’ हे नावच खोडलं. मुळासकट. काय समाधान वाटलं! पत्रक वाटल्यासारखं.

अण्णांना मी विसरले नव्हते. त्यांच्यासाठी वेगळा कागद होता, त्यात त्यांच्या डबीची ओळ होती. सामायिक यादी अधिक हा कागद, दोन्ही एकत्र करून त्यांचा गाभा घडतो. घडला. अण्णांचा कागद मी पुन्हा एकदा वाचला. ओळ होती. खूण केली आणि उठले. दुकानातल्या मशीनला भोंगे नव्हते, डबी अण्णांकडं होती, म्हणून ऐकून बघायचं राहिलं. तिथं जाऊन ऐकू.

मी मागणीचा कागद वाचला होता. निकालाचा, तयार झालेल्या यादीचा, वाचला नव्हता.

बुधवारी सकाळी बिदरहून उदगीरची बस पकडली. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली डिस्क. भालकी सोडली, शेजारच्या बाईनं नागपंचमीच्या लाह्या हातावर ठेवल्या, मी त्या तोंडात टाकल्या आणि तेवढ्यात मनात आलं : अण्णांची डबी कुणाच्या घरातली? थोरला कोण?

थोरला ‘आवाज’. तो मी खोडला होता.

बशीरभाईंना फोन लावला. "भाई, अण्णांच्या गाभ्याची तयार झालेली यादी उघडा. माझा कागद नाही, शेवटची यादी. त्यात आवाज शोधा."

"हौ, रुक. चश्मा किधर रक्खा मैं..." रेंज गेली. पुन्हा लावला. "उघडतोय बेटी, मशीन बुढ्ढी है, मेरे सरीखी..." पुन्हा गेली. गाडी खड्ड्यांतून चालली होती आणि मी फोन वर धरून खिडकीतून निम्मी बाहेर. कंडक्टर ओरडला, "अक्का, आत बसा, मुंडकं जाईल!" तिसऱ्यांदा लागला तेव्हा भाईंचा आवाज बदललेला होता.

"सुनंदा, न्हाई ती ओळ."

"‘नको’ म्हणून लिहिलंय का?"

"‘नको’ बी न्हाई लिखे. लाईनच नै है. जैसे कभी थीच नै."

अण्णांना फोन केला. "अण्णा, जुनी डिस्क काढू नका."

"कामून ग? साहेबलोक आल्यात न्हवं. मी शर्ट पण नवा घातलाय. तू कुठं हाईस?"

जुन्या डिस्कवर जुना गाभा होता, बोलणारा. पण परीक्षेसाठी समितीनं सांगितलेला नवा प्रोग्राम, रकाने जुन्याच अर्जाचे, फक्त माझ्या मांडीवरच्या डिस्कवर. उपाय मला येत होता. दोन्ही डिस्क जोडायच्या, जुना गाभा नवीकडं उतरवायचा. पंचवीस मिनिटं. मी गाडीत बसून ती पंचवीस मिनिटं मोजत होते, आणि गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती.

पोचले तेव्हा पावणेअकरा. पळत हॉलमध्ये. डिस्क जोडल्या, उतरवायला लागले. निम्म्यावर आलं होतं. समितीतले मोठे साहेब घड्याळ बघून म्हणाले, "आता बाजूला व्हा. उमेदवारानंच बसायचं."

"साहेब, थोडं काम राहिलंय."

"ओंदे सल," साहेब म्हणाले. एकच वेळ. सगळ्यांना सारखा नियम.

इथं मी काय बोलायला हवं होतं? "साहेब, चूक माझी आहे. माझ्याकडून एक ओळ गळाली. पंधरा मिनिटं द्या." एवढंच. वीस शब्दसुद्धा नाहीत.

मी काय बोलले? मी अपंगांच्या हक्कांवर बोलले. समान संधीवर बोलले. घटनेवर बोलले. तुमच्यासारख्या माणसांना आंधळा माणूस खुर्चीवर बघवत नाही, असंही बोलले. टेबलावर हात आपटला. साहेबांचा चेहरा दगड झाला. शिपायानं जुन्या डिस्कची तार काढली आणि नवी डिस्क तेवढी ठेवली. अण्णा बसले.

मशीन चालू झालं. एकदा टिक वाजलं, आणि पुढं काहीच नाही.

अण्णांनी मान तिरपी केली. कानाची तार चाचपली. डबी काढून पुन्हा बसवली. मग माझ्या दिशेनं तोंड करून हळूच म्हणाले, "सुनंदा, हे बोलंना की ग."

"कुणी बोलायचं नाही," दुसरे साहेब म्हणाले.

आणि मग अण्णांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी बोटं कळांवर ठेवली आणि मुक्या मशीनवर, पाठ असलेल्या वाटेनं, अर्ज भरायला लागले. अकरा वाजून पाच मिनिटं. नाव. गाव. एक रकाना, दुसरा रकाना. मला पडदा दिसत होता. एक अक्षर चुकत नव्हतं. शांताक्का पदराची गाठ सोडत होत्या, बांधत होत्या. शेवटची कळ दाबली, ‘छापा’. आणि ते वाट बघत बसले, प्रिंटरच्या आवाजाची.

प्रिंटरमध्ये कागदच नव्हता. पडद्यावर भल्यामोठ्या अक्षरांत आलं होतं : कागद घाला. सगळ्या हॉलला दिसत होतं. ज्याला कळायला हवं होतं तो सोडून. घड्याळाचा काटा सरकत होता, अण्णांच्या कपाळावर घाम, आणि मी, आयुष्यभर न विचारता बोललेली बाई, तोंडावर हात दाबून उभी. त्यांना बाद करतील म्हणून.

शेवटी अण्णांनीच हात लांब केला. प्रिंटरचं तोंड चाचपलं. आणि हसले. "साहेब, ह्यात कागदच न्हाई की!"

"वेळ संपली," साहेब म्हणाले आणि खाली मान घालून लिहिलं.

अण्णांनी तरी कागद घातला. अर्ज छापून बाहेर आला. बिनचूक. तो हातात घेईपर्यंत जीप निघून गेली होती.

दिवस उजाडायची वाट न बघता मी पत्रक लिहिलं. ‘कमलनगरात दृष्टिहीनाचा अपमान! मुर्दाड समितीचा धिक्कार!’ भालकी, औराद, बिदर, सगळीकडं वाटलं. निवेदन दिलं, पोच घेतली. लोकांनी पाठ थोपटली. एक प्रत घेऊन अण्णांकडं गेले. शांताक्कांनी वाचून दाखवली. अण्णांनी पूर्ण ऐकली. मग म्हणाले,

"समद्यांची नावं घातलीस. साहेबाचं, शिपायाचं पण. तुझं तेवढं न्हाई."

"म्हणजे?"

"बशीरभाईचा फोन आलता. सांगितलं त्यांनी, कुठली ओळ गळाली ते. मला राग न्हाई बाळ. चूक व्हतीय. पण मशीन गप बसलं ते बसलं, तू कामून गप बसलीस?"

शांताक्कांनी चहा आणला. मी तो पिऊ शकले नाही.

अण्णा दसऱ्यानंतर हैदराबादला गेले. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला : मागणीचा कागद आणि शेवटची यादी शेजारी शेजारी ठेवतो, आणि मागितलेली एक जरी ओळ निकालात नसली तरी गाभा घडूच देत नाही, मोठ्यानं बोंबलतो. बशीरभाई म्हणाले, "अच्छा बनायी. एक साल पैले बनाती तो?" आणि स्क्रू पिळायला लागले.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी हे लिहिलं नसतं. या उन्हाळ्यात केंद्रांसाठी पुन्हा अर्ज निघाले. मी छापील अर्ज वाचला. पात्रतेच्या खाली एक नवी ओळ होती : ‘उमेदवाराची दृष्टी सामान्य असावी.’

आधी नव्हती. आमच्या परीक्षेनंतर आली.

मी त्याच साहेबांकडं गेले. या वेळी टेबलावर हात आपटला नाही. सगळं सांगितलं. आवाज कुणी खोडला, ओळ कशी गळाली. साहेबांनी पेपरवेट बाजूला सारला. म्हणाले, "हे त्या दिवशी सांगायचं होतं हो. अर्धा तास थांबलो असतो. मला पण चहा प्यायचा होता." मग म्हणाले, "माझ्या अहवालात एवढंच होतं, उमेदवाराला मशीन चालवता आलं नाही. वरच्यांनी त्याची ओळ केली. आता ती मला खोडता येत नाही. लोकांनी लिहिलं तर बघतील."

म्हणजे अन्याय कुणी केला? मी, सुनंदानं. आणि एका माणसावर नाही. त्या ओळीखाली गळून जाणाऱ्या प्रत्येकावर. त्यांना कुणी ‘नको’ म्हणणार नाही. त्यांचा अर्जच येणार नाही, आणि कुणाला कळणारही नाही.

माझ्या धंद्यात एक गोष्ट शिकले : कुठली वस्तू कशावर अवलंबून आहे, हे लिहिताना खोटं लिहायचं नाही. आवाजाच्या डबीला आवाज लागतो, हे खरं. कम्प्युटर चालवायला डोळे लागतात, हे खोटं. ते खोटं आहे हे कमलनगरच्या हॉलमध्ये सहा जणांनी बघितलंय. तो छापलेला अर्ज माझ्याकडं आहे.

म्हणून मागणी करते, आणि ती तुमच्याकडं. हा अंक खाली ठेवा. तुमच्या गावच्या केंद्रावर जा, अर्जाचा नमुना मागा, पात्रतेच्या खाली वाचा. ती ओळ असेल तर आजच लिहून द्या, ही ओळ खोडा. पोच घ्या. पण पोच घेऊन माझ्यासारखे घरी येऊन झोपू नका. पुढचा नमुना निघेल तेव्हा पुन्हा जा, आणि ओळ गेली का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुम्हाला दिसतं ना? मग बघा.